सोनेरी हॅमस्टर आणि पिंजऱ्याचे गज

मनुष्यानें जे पशु आपल्या आश्रयास आणले, त्यांपैकीं बहुतेकांच्या बंदिवासाचा आरंभ केव्हां झाला हें निश्चित सांगतां येत नाहीं. गाय प्रथम कोणीं दावणीस बांधली, घोड्याच्या तोंडांत लगाम कोणीं घातला, कुत्रा शेकोटीजवळ येऊन कोणत्या रात्रीं निजला, हे प्रश्न पुराणवस्तुसंशोधकांनीं हाडें उकरून हजार-दोन हजार वर्षांच्या फरकानें सोडवावयाचे. मांजराचीही तीच गोष्ट. या सर्व मंडळींत एक लहानसा प्राणी मात्र असा आहे कीं, त्याच्या बंदिवासाचा दिवस पंचांगांत बोट ठेवून दाखवितां येतो. तो प्राणी म्हणजे सोनेरी हॅमस्टर, आणि तो दिवस म्हणजे १२ एप्रिल १९३०.

गेल्या कांहीं वर्षांत मुंबई-पुण्याकडील घरांतूनही हा प्राणी येऊन राहिला आहे. मुलें हट्ट धरतात, बाजारांतून पिंजऱ्यासकट तो घरीं आणला जातो, आणि पहिल्या आठवड्याची अपूर्वाई ओसरली न ओसरली तोंच घरांतील वडील मंडळींची तक्रार सुरू होते. रात्रीं दिवे मालवले कीं हा प्राणी पिंजऱ्याचे गज दांतांत धरून कुरतडूं लागतो, आणि तो कर्रकर्र आवाज पहांटेपर्यंत थांबत नाहीं. मग कोणी गजांना लिंबाचा रस चोळतो, कोणी कडू औषध लावतो, कोणी टिचकी मारून दटावतो, आणि कोणी पिंजऱ्यावर फडकें टाकून तो स्वयंपाकघरांत नेऊन ठेवतो. यांपैकीं एकाही उपायानें काम कां होत नाहीं हें समजण्यास या प्राण्याचा इतिहास ठाऊक असावा लागतो. तो इतिहास बव्हंशीं कुरतडण्याचाच इतिहास आहे.

प्रथम त्याच्या दांतांविषयीं दोन शब्द. तोंडांतील पुढच्या दांतांना आपल्या भाषेंत ‘पटाशीचे दांत’ म्हणतात. मनुष्याच्या बाबतींत हें नांव केवळ उपमेनें आलें आहे. उंदीर, खार, हॅमस्टर या कृंतक वर्गाच्या बाबतींत मात्र तें अक्षरशः खरें आहे. या प्राण्यांना वर एक आणि खालीं एक अशी पटाशीच्या दांतांची जोडी असते. सुळे मुळींच नसतात, आणि दाढांपर्यंत मधली जागा मोकळी असते. पटाशीच्या दांताच्या पुढील अंगास तेवढें कठीण लुकण असतें, मागील अंग मऊ असतें. कुरतडतांना मागचा मऊ भाग लवकर झिजतो, पुढचा कठीण भाग कमी झिजतो, आणि त्यायोगें दांतास आपोआप धार राहते. सुताराच्या पटाशीस पोलादाची धार आणि लोखंडाची पाठ असते, त्यांतलाच हा प्रकार. शिवाय हे दांत जन्मभर वाढत राहतात. त्यांची झीज झाली नाहीं तर ते वांकडे वाढून प्राण्यास खातांही येत नाहीं. यावरून पुष्कळ लोक असा निष्कर्ष काढतात कीं, हॅमस्टर गज कुरतडतो तो दांत झिजविण्यासाठींच. आणि एक लाकडाचा तुकडा आंत टाकला म्हणजे आपलें कर्तव्य संपलें. लांकूड द्यावें हें खरेंच; परंतु ज्या पिंजऱ्यांत लांकूड आहे त्यांतही गज कुरतडले जातातच, ही गोष्ट या मीमांसेच्या आड येते. आपल्या हितोपदेशांतील हिरण्यक नांवाच्या मूषकानें चित्रग्रीव कपोताचें जाळें कुरतडलें तें कांहीं दांत झिजविण्यासाठीं नव्हे.

सोनेरी हॅमस्टरचें मूळ घर म्हणजे सीरियाच्या उत्तर भागांतील आलेप्पो या जुन्या शहराभोंवतालची, आणि तेथून तुर्कस्तानच्या सीमेपलीकडे थोडीशी पसरलेली, शेतजमीन. आलेप्पोस अरब लोक हलब म्हणतात. पृथ्वीवर अन्यत्र कोठेंही हा प्राणी रानटी स्थितींत आढळत नाहीं. युरोपीय विद्वानांस त्याची ओळख करून देण्याचें श्रेय रसेल या नांवाच्या दोघां बंधूंस आहे. आलेप्पोच्या इंग्रज वखारीचा वैद्य अलेक्झांडर रसेल यानें त्या प्रदेशाचें वर्णन १७५६ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें त्याचा सावत्र बंधु पॅट्रिक यानें त्या ग्रंथाची वाढविलेली आवृत्ति १७९४ सालीं काढली, आणि तींत हॅमस्टरचा उल्लेख आहे. फाडून पाहिलेल्या एका हॅमस्टरच्या दोन्ही गालांतील पिशव्यांत कोवळ्या शेंगा ओळीनें इतक्या दाटून भरलेल्या आढळल्या कीं, त्या मेजावर सुट्या पसरल्या तेव्हां त्यांचा ढीग त्या प्राण्याच्या देहाच्या तिप्पट झाला. हा पॅट्रिक रसेल आम्हां लोकांस अगदींच परका नाहीं. तो पुढें हिंदुस्थानांत आला, विशाखापट्टणाकडे राहून त्यानें येथील सर्पांवर ग्रंथ लिहिला, आणि आपल्या घोणसास इंग्रजींत जें नांव आहे तें त्याच्याच नांवावरून पडलें आहे.

गालांत भरून नेणें आणि जमिनीखालीं सांठविणें, हा या प्राण्याचा मुख्य उद्योग. हिब्रूंत त्यास ‘ओगेर’ म्हणजे सांठवणारा असें नांव आहे. आणि जर्मन भाषेंत युरोपांतील मोठ्या हॅमस्टरवरून ‘सांठेबाजी करणें’ या अर्थाचें क्रियापदच बनलें आहे. दोन्ही महायुद्धांच्या काळांत तेथील शहरवासी बटाट्यांसाठीं खेड्यांतून फिरत, तेव्हां त्या फेऱ्यांस हॅमस्टरचेंच नांव पडलें होतें.

शास्त्रीय नामकरण १८३९ सालीं झालें. लंडनच्या वॉटरहाउस नांवाच्या प्राणिशास्त्रज्ञानें आलेप्पोहून आलेल्या एका नमुन्यावरून या जातीचें वर्णन केलें. पुढें १८८० सालीं आलेप्पो येथील इंग्रज वकील स्कीन यानें कांहीं जिवंत हॅमस्टर एडिंबरोस नेले, आणि त्यांची प्रजा सुमारें १९१० पर्यंत टिकली. मग १९३० हें वर्ष आरंभाचें कसें, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास उत्तर इतकेंच कीं, स्कीनच्या हॅमस्टरांचा वंश बुडाला. आज जगभर घरोघर आणि प्रयोगशाळांतून जे सोनेरी हॅमस्टर आहेत, ते बहुतेक सर्व १९३० सालच्या एका बिळांतील पिल्लांचे वंशज आहेत.

या प्राण्याची मागणी प्रथम झाली ती करमणुकीसाठीं नव्हे, एका भयंकर रोगासाठीं. आणि त्या रोगाशीं आपल्या देशाचा संबंध फार जवळचा आहे. काळा आजार या नांवानें बंगाल, आसाम आणि बिहार या प्रांतांत ज्यानें गांवेंच्या गांवें ओस पाडलीं, त्याचे जंतु १९०३ सालीं लीशमन आणि मद्रासचा डोनोव्हन यांनीं उजेडांत आणले. त्यावरील औषध कलकत्त्याच्या उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनीं शोधिलें. परंतु हा रोग एका मनुष्यापासून दुसऱ्यास कसा होतो हें सिद्ध करण्यास असा एखादा लहान प्राणी पाहिजे होता कीं, ज्याच्या अंगांत ते जंतु जगतील आणि वाढतील. चिनी हॅमस्टर या कामीं उपयोगी पडतो असें आढळलें होतें. हिंदुस्थानांतील संशोधकांनींही वाळूमाशीच्या दंशाचे प्रयोग त्याच्यावर केले. अडचण एवढीच कीं, चिनी हॅमस्टरची वीण पिंजऱ्यांत होईना, आणि दर वेळीं नवे प्राणी चीनहून मागवावे लागत. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठांतील परोपजीवी जंतूंचे अध्यापक साउल अॅडलर हे या अडचणीनें त्रासले होते. आपल्या जवळपासच एखादा हॅमस्टर मिळाला तर बरें, असें त्यांनीं त्याच विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांस सुचविलें, आणि अहारोनी आलेप्पोस निघाले. सीरियावर त्या काळीं फ्रेंचांचा अंमल होता.

पुढील हकीकत अहारोनी यांनीं हिब्रू भाषेंतील आपल्या आठवणींत लिहून ठेविली आहे. जॉर्जियस नांवाचा त्यांचा सीरियन वाटाड्या बरोबर होता. गांवच्या शेखाच्या मदतीनें एका गव्हाच्या शेतांत खणण्यास मजूर लागले, आणि पुष्कळ शेत उकरल्यावर आठ फुटांच्या खोलीवर एक घरटें लागलें. त्यांत एक मादी आणि तिचीं अकरा पिल्लें होतीं. ही खोली आम्हांस जरा अधिक वाटते, व तिचें कारण पुढें येईलच. परंतु बाकीच्या वृत्तान्ताविषयीं शंका घेण्याचें कारण दिसत नाहीं. सर्व कुटुंब पेटींत ठेवतांच त्या मादीनें जवळ आलेल्या एका पिल्लाचें डोकें तोडलें. वाटाड्यानें तिला तत्काळ उचलून विषाच्या बाटलींत टाकलें. अहारोनींनीं या प्रसंगाचा अर्थ असा लाविला कीं, मनुष्याच्या हातीं लागण्यापेक्षां मरण बरें असें त्या मातेस वाटलें. हा अर्थ काव्यमय आहे, शास्त्रीय नाहीं. घाबरलेली हॅमस्टर मादी आपलीं पिल्लें मारते हें आतां सर्व पाळणाऱ्यांस ठाऊक आहे. परंतु त्या प्राणिशास्त्रज्ञाच्या मनांत तेवढी खंत उत्पन्न झाली, हेंही आम्ही लहान समजत नाहीं.

उरलीं दहा पिल्लें, डोळेही न उघडलेलीं. अहारोनी आणि त्यांची पत्नी यांनीं तीं घरीं वाढविलीं. एकदां तीं सर्वच्या सर्व पिंजऱ्यांतून निसटलीं. शोधाशोध करून नऊ सांपडलीं. तीं नऊ पुढें स्कोपस टेकडीवरील विद्यापीठाच्या प्राणिगृहाचे प्रमुख बेन-मेनाहेम यांच्या स्वाधीन करण्यांत आलीं. त्यांनीं तीं ज्या पिंजऱ्यांत ठेविलीं त्याचा तळ लाकडी होता. दुसरे दिवशीं सकाळीं पाहतात तों फळीस भोंक पडलेलें, आणि पांच हॅमस्टर पसार झालेले.

या पांचांचें पुढें काय झालें हें इतिहासास ठाऊक नाहीं. अॅडलर यांस पाहिजे असलेल्या जातीचे पृथ्वीच्या पाठीवर मनुष्याच्या ताब्यांत असलेले एकंदर प्राणी नऊ, त्यांतील निम्म्याहून अधिक एका रात्रींत नाहींसे झाले. बेन-मेनाहेम यांची त्या सकाळीं काय स्थिति झाली असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. उरले चार, आणि तेही एकमेकांशीं धड वागत नसत, कारण हॅमस्टर हा स्वभावतः एकलकोंडा प्राणी आहे. प्रौढ नर आणि मादी नुसतीं एकत्र ठेविलीं तर बहुधा मारामारीच व्हावयाची.

येथपर्यंत मनुष्यानें जें केलें तें कोणीही केलें असतें. पुढें बेन-मेनाहेम यांनीं जें केलें त्यांत मात्र त्यांची बुद्धि दिसून येते. लाकडी फळीचा अनुभव आल्यावर त्यांनीं लोखंडी जाळीचा मोठा पिंजरा घेतला, हें तर उघडच आहे. परंतु तो रिकामा ठेविला नाहीं. तो त्यांनीं वाळक्या गवतानें दाबून दाबून भरला, आणि वर उजेड येण्यापुरती सुमारें पांच सेंटिमीटर जागा मोकळी ठेविली. मग त्यांत एक मादी सोडली. ती गवतांत शिरली आणि तिनें आपले बोगदे केले. एक-दोन दिवसांनीं नर सोडला. गवतांतून पाठलाग झाला, पळापळ झाली, आणि अखेर सोनेरी हॅमस्टरची बंदिवासांतील ती वीण सुरू झाली. हॅमस्टरचा गर्भवास अवघा सोळा दिवसांचा असतो. एका वर्षाच्या आंत त्या चार प्राण्यांपासून दीडशें प्राणी झाले. जाळीनें पळण्याची वाट बंद केली, पण त्यांचा वंश वाढला तो गवतामुळें. ही गोष्ट पुढें कोणीं फारशी लक्षांत ठेविली नाहीं, असें आम्हांस वाटतें.

अॅडलर यांस त्यांचे प्रयोगप्राणी मिळाले. या हॅमस्टरच्या अंगांत काळ्या आजाराचे जंतु उत्तम वाढतात असें त्यांनीं १९३१ सालीं दाखविलें, आणि आजतागायत त्या रोगावरील औषधें प्रथम याच प्राण्यावर अजमावण्याची वहिवाट आहे. त्याच साली अॅडलर यांनीं कांहीं हॅमस्टर कोटाच्या खिशांत घालून इंग्लंडास नेले असें सांगतात. तेथील प्रयोगशाळांतून ते खासगी हौशी लोकांकडे गेले. १९३८ सालीं अमेरिकेस पोंचले. दुसऱ्या महायुद्धानंतर अलाबामा संस्थानांतील मोबिल शहरच्या आल्बर्ट मार्श नांवाच्या एका गृहस्थानें त्यांची पैदास करून जाहिराती देऊन देशभर विक्री मांडली. त्यास पहिला हॅमस्टर पैजेंत मिळाला होता असें म्हणतात. अशा रीतीनें पंधरा-वीस वर्षांत प्रयोगशाळेंतील प्राणी मुलांच्या खोलींतील प्राणी झाला.

परंतु या प्रवासांत मागें काय राहिलें तें पाहण्याजोगें आहे. जाळी बरोबर आली, गज बरोबर आले. गवत मात्र राहून गेलें. प्रयोगशाळेंत स्वच्छतेसाठीं तळास मूठभर भुसा पुरे असे, आणि घरगुती पिंजरा बनविणाऱ्यांनीं पक्ष्यांच्या पिंजऱ्याचा नमुना पुढें ठेविला: चारी बाजूंनीं उभे-आडवे गज, खालीं उथळ ताट, आणि कोपऱ्यांत एक चक्र. पक्ष्यास वर जावयाचें असतें म्हणून त्याचा पिंजरा उंच असतो. हॅमस्टरला खालीं जावयाचें असतें, आणि त्याच्या पायांखालीं दोन बोटें भुसा संपतांच पत्रा लागतो. त्यानें काय करावें? जो मार्ग त्याच्या पूर्वजांनीं स्कोपस टेकडीवरच्या लाकडी फळींतून काढला, तोच तो गजांतून काढूं पाहतो. फरक एवढाच कीं, फळीला भोंक पडलें, गजाला पडत नाहीं. आणि यश न आल्यामुळें तो प्रयत्न संपतही नाहीं. नाकावरचे केस जातात, कातडें सोलवटतें, दांत वांकतात वा तुटतात, तरी रात्र पडली कीं पुन्हां तेंच. पशूंच्या वर्तनाचा अभ्यास करणारे अशा निष्फळ आणि एकसुरी पुनरावृत्तीस निराळा वर्गच मानतात. सर्कशींतील अस्वलाचें डुलणें आणि प्राणिसंग्रहालयांतील वाघाच्या येरझारा त्याच वर्गांत मोडतात.

हें आमचें केवळ अनुमान आहे असें वाचकांनीं समजूं नये. स्वित्झर्लंडांतील बर्न विद्यापीठाच्या संशोधकांनीं सोनेरी हॅमस्टरवर दोन परीक्षणें केलीं, तीं अनुक्रमें २००६ व २००७ सालीं प्रसिद्ध झालीं आहेत. पहिल्यांत हॅमस्टरचे तीन गट करून त्यांच्या पिंजऱ्यांत १०, ४० आणि ८० सेंटिमीटर खोल भुसा घातला. १० सेंटिमीटरच्या गटांतील प्राण्यांनीं इतरांपेक्षां गज स्पष्टपणें अधिक कुरतडले, आणि चक्रावरही ते अधिक धांवले. दुसऱ्या परीक्षणांत तळाचें क्षेत्रफळ बदललें: १,८०० चौरस सेंटिमीटरपासून १०,००० चौरस सेंटिमीटरपर्यंत चार आकारांचे पिंजरे घेतले. लहान पिंजऱ्यांत कुरतडणें अधिक वेळां आणि अधिक वेळ चाले. परंतु सर्वांत मोठ्या पिंजऱ्यांतही तें अगदींच बंद झालें नाहीं. लांबी-रुंदी वाढवून उपयोग होतो, पण खोलीची उणीव तिनें सर्वस्वीं भरून येत नाहीं, असा या दोहोंचा मेळ आम्ही घालतों.

ही खोली किती असावी हें मूळ घरीं जाऊन मोजण्याचें काम जर्मनींतील हाले विद्यापीठाच्या गाटरमान प्रभृति संशोधकांनीं केलें. १९९७ आणि १९९९ सालीं त्यांनीं आलेप्पोभोंवतालचीं शेतें पालथीं घातलीं. त्यांना आढळलेलीं बिळें ३६ पासून १०६ सेंटिमीटरपर्यंत खोल होतीं. सरासरी ६५ सेंटिमीटर. अहारोनींच्या आठ फुटांशीं याचा मेळ बसत नाहीं, म्हणूनच आम्हीं वर शंका प्रदर्शित केली. प्रत्येक बिळांत सरळ खालीं जाणारी एक वाट, निजण्याची खोली, धान्याची खोली, आणि इकडे तिकडे गेलेल्या गल्ल्या. कित्येक ठिकाणीं गल्ल्यांची एकंदर लांबी कित्येक मीटर भरली. एकाही बिळांत एकाहून अधिक प्रौढ हॅमस्टर नव्हता. त्याच संशोधकांच्या मंडळीनें तुर्कस्तानच्या दक्षिण सीमेलगत केलेल्या निरीक्षणांतून आणखी एक चमत्कारिक गोष्ट निघाली, ती २००८ सालीं प्रसिद्ध झाली: तेथील रानटी माद्या दिवसाउजेडीं बिळाबाहेर पडून चरतात, आणि तेच प्राणी पिंजऱ्यांत आणले म्हणजे रात्रिंचर बनतात! म्हणजे आपली झोपमोड करणारी ती रात्रीची धडपड त्याच्या शेतांतल्या आयुष्याचा भाग नव्हे, ती बंदिवासाबरोबर आलेली आहे.

इतका इतिहास पाहिल्यावर आरंभीं सांगितलेल्या घरगुती उपायांची किंमत ठरविणें सोपें जाईल. लिंबाच्या रसानें वा कडू औषधानें गजाची चव बदलते, गजापलीकडे जाण्याची इच्छा बदलत नाहीं. हॅमस्टर दोन गज सोडून तिसरा धरतो. दटावण्यानें तो भितो, आणि भ्यालेला प्राणी सुटकेची वाट अधिकच शोधतो. कांहीं दयाळू माणसें आवाज झाला कीं लगेच पिंजरा उघडून त्यास बाहेर काढतात वा एखादा दाणा देतात. ही दया आम्हांस वाईट दिसत नाहीं, परंतु गज वाजविले म्हणजे दार उघडतें हा धडा तो प्राणी चार दिवसांत शिकतो. पांढऱ्या उंदरांवरील निरीक्षणांतही पिंजऱ्याची जी बाजू उघडते तेथेंच त्यांचें कुरतडणें अधिक दिसून आलें आहे. गज काढून टाकून कांचेची पेटी आणणें हा उपाय आवाजापुरता खरा. पण ती पेटी लहान आणि उथळ असली, तर तोच प्राणी कोपऱ्यांत उभा राहून पुढच्या पायांनीं कांच खरवडीत बसतो. आवाज गेला म्हणून दुःख गेलें असें होत नाहीं, आणि शेजारच्या खोलींत सुखानें निजलेल्या यजमानास तें कळतही नाहीं.

बेन-मेनाहेम यांनीं केलें तें आपल्या घरीं करणें कांहीं अवघड नाहीं. पेटी लांबरुंद असावी, आणि तींत निदान हातभर खोलीपर्यंत कागदाचा लगदा वा सुवास नसलेला लाकडाचा भुसा, मधून मधून वाळक्या गवताचे थर देऊन, दाबून भरावा. गवतामुळें बोगदे ढांसळत नाहींत. चीड किंवा देवदार यांचा उग्र वासाचा भुसा घालूं नये. चक्र ठेवावयाचें तर धांवतांना पाठ वांकणार नाहीं इतकें मोठें, सुमारें २८-३० सेंटिमीटर व्यासाचें आणि सलग पृष्ठाचें असावें. एका रात्रींत हा प्राणी चक्रावर कित्येक किलोमीटर धांवतो, परंतु बर्न येथें उथळ भुशांतल्या प्राण्यांनींच चक्र अधिक फिरविलें हें ध्यानांत घेतलें, तर चक्रास बिळाची जागा देतां येणार नाहीं हें उघड होतें. दाणा वाटींत न घालतां भुशांत विखरून टाकावा, म्हणजे शोधण्याचा, गालांत भरण्याचा आणि तळघरांत नेऊन ठेवण्याचा त्याचा पिढीजात धंदा त्यास करतां येईल. तें तळघर स्वच्छतेच्या नांवाखालीं दर आठवड्यास उपसूं नये. आणि एका पेटींत एकच हॅमस्टर. सोबत म्हणून दुसरा आणून ठेवणें ही आपल्या समाजप्रिय स्वभावाची चूक आहे, त्याच्या नव्हे.

शहरांतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत एवढी जागा कोठून आणावी, असा प्रश्न येईल. प्रश्न रास्त आहे. त्यास आमच्यापाशीं सोईस्कर उत्तर नाहीं. ज्या घरांत मेजाएवढी जागा दोन-अडीच वर्षांसाठीं देतां येत नाहीं, त्या घरानें हा प्राणी आणूं नये हेंच बरें. दोन-अडीच वर्षें एवढेंच त्याचें आयुष्य असतें. मुलांना तो दिवसभर दिसणार नाहीं, भुशाखालीं असेल, हेंही त्यांना आधींच सांगून ठेवावें. आमच्या मतें कित्येक उथळ पिंजऱ्यांचें खरें कारण हेंच आहे कीं, प्राणी विकत घेतला तर तो दिसला पाहिजे असें आपणांस वाटतें.

आणखी एक गोष्ट अनुभवी पाळणारे सांगतात, आणि इतर प्राण्यांवरील अभ्यासही तिला दुजोरा देतो. ज्या प्राण्यानें महिनोन् महिने उथळ पिंजऱ्यांत काढले, आणि ज्याची ही संवय हाडींमांसीं खिळली, तो खोल भुशांत आणून सोडला तरी कांहीं काळ, क्वचित् जन्मभर, तीच धडपड चालूं ठेवतो. ती कमी होते. दर वेळीं नाहींशी होत नाहीं. अशा प्राण्याच्या दांतांची आणि नाकाची पाहणी पशुवैद्याकडून वेळोवेळीं करून घ्यावी, आणि त्यास पुन्हां पुन्हां नव्या जागीं हलवूं नये. नवा हॅमस्टर आणावयाचा असेल तर मात्र पेटी आणि भुसा यांची व्यवस्था प्रथम करावी, आणि ती सिद्ध झाल्यावर मग बाजारास जावें.